परिशिष्टातली पहिली नोंद

११ जानेवारी

आज सचिवबाईंनी बोलावून दोन फायली माझ्यासमोर ठेवल्या. एक रस्ते खात्याची, जाडजूड, फीत आवळून बांधलेली. दुसरी पुरातत्त्व खात्याची, बारीक, कोपरे दुमडलेले आणि वर चहाच्या कपाचा गोल डाग.

"तीन वर्षं दोघांचं भांडण चाललंय," बाई म्हणाल्या. "रस्तेवाले म्हणतात, फावडं मारलं की यांचं मडकं निघतं. मडकीवाले म्हणतात, आम्ही बसलो की यांचा रोलर येतो. मंत्र्यांना कायदा हवाय. दोघंही खूश झाले पाहिजेत."

"दोघंही सारखेच नाराज झाले तर चालेल का?" मी विचारलं.

बाई हसल्या. त्या सहसा हसत नाहीत, म्हणून इथे नोंद करून ठेवतो.

बावीस वर्षं मी विधी विभागाच्या मसुदा शाखेत आहे. लोकांना वाटतं, कायदे सभागृह करतं. सभागृह हात वर करतं. कायदे मी लिहितो. बावीस वर्षांत माझ्या एकाही कायद्यात चूक निघालेली नाही, कधी शुद्धिपत्र काढावं लागलेलं नाही. शाखेत हे सगळ्यांना माहीत आहे, कारण मी ते अधूनमधून सांगतो.

घरी बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते आणि बोलताना हातचं राखत नाही. म्हणाली, "म्हणजे ताईंच्या टेकाडाचा निकाल आता तुमच्या हातात?"

मी म्हटलं, "कायद्यात ताई नसते."

"ते दिसेलच," ती म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

१५ जानेवारी

ताईचा फोन. बातमी तिच्यापर्यंत पोचलीच. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पुरातत्त्व खात्यात आहे. शहराबाहेरच्या एका टेकाडावर अकरा वर्षं ठाण मांडून बसली आहे. नवा महामार्ग नकाशात बरोबर त्या टेकाडाच्या पोटातून जातो.

"मास्तर, मला वेळ हवाय," ती म्हणाली. लहानपणापासून ती मला मास्तर म्हणते, कारण मी घरातल्या सगळ्यांच्या वह्या तपासायचो. कुणी सांगितलं नसताना.

"ताई, मी मसुदा लिहितोय. या विषयावर आपण बोलणं बरं नाही."

"बरं, मग मसुदा लिहिणाऱ्याला जरा बाहेर पाठव आणि माझ्या भावाला फोन दे."

मी म्हटलं, दोघं एकाच खुर्चीत बसतात. मग मुलांची परीक्षा कधी आहे विचारून तिने फोन ठेवला.

९ फेब्रुवारी

संयुक्त पाहणी. टेकाडावर मी, ताई आणि रस्ते खात्याचे मुख्य अभियंता. अभियंता ठेंगणे, डोक्यावर पिवळं हेल्मेट. ते कधी काढतात की नाही, कोण जाणे.

ताईला तिथे पाहिलं की ओळखू येत नाही. गुडघ्यावर ठिगळ लावलेली पँट, केसांत माती, आणि तोंडात सतत कसले तरी आकडे. तिच्या हाताखाली दहा-बारा बायका ब्रश आणि छोटी थापी घेऊन उकिडव्या बसलेल्या. चार वर्षांच्या कामातून त्यांनी एक लांबलचक फरसबंदी मोकळी केली आहे. रस्ता आहे. दगडी रस्ता, गाड्यांच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडलेला, आणि टेकाडाच्या आत अजून बराच पुढे गेलेला.

"ये इकडे," ताई म्हणाली आणि एका चाकोरीपाशी नेलं. तिथे दगड उचकटून त्या जागी बारीक खडीचा एक गोल ठोकून बसवला होता. "खड्डा पडला होता. कुणीतरी बुजवलाय."

अभियंता आधी वाकले, मग बसले, मग सरळ पोटावर झोपले. नखाने कड खरवडून पाहिली. "खाली काय भरलंय?"

"खडी, माती, परत खडी. प्रत्येक थर वेगळा ठोकलाय."

"केव्हाचं काम?"

"अडीच हजार वर्षं तरी झाली."

अभियंत्यांनी हेल्मेट काढलं. त्यांना टक्कल आहे हे मला आज कळलं. बराच वेळ ते तसेच पडून राहिले आणि शेवटी म्हणाले, "आमच्या कंत्राटदारांना आणून दाखवलं पाहिजे."

वातावरण भावनिक होत चाललं होतं, म्हणून मी एक तांत्रिक मुद्दा मांडला. म्हटलं, मसुद्याप्रमाणे पाहिलं तर हे 'पुरातन स्थळ' ठरत नाही. हा रस्ता आहे. आणि अस्तित्वात असलेल्या रस्त्यावर केलेलं काम रुंदीकरणात मोडतं, त्याला तर परवानगीही लागत नाही. मुद्दा बिनतोड होता. त्यावर दोघंही पुन्हा त्या खड्ड्याकडे वळले. येताना अभियंत्यांनी गाडीत माझ्याशी फारसं संभाषण केलं नाही, बहुधा उन्हाने थकले असावेत.

२० फेब्रुवारी

मसुदा जवळजवळ झाला. तीन गोष्टींचा मला अभिमान आहे.

संरक्षित स्थळांची यादी परिशिष्टात दिली आहे. यादीत येण्याची कसोटी एकच: त्या जागेचा उत्खनन अहवाल छापून आलेला हवा. छापील कागद म्हणजे पुरावा, वाद संपला. त्यात सत्तेचाळीस जागा बसल्या. ताईची बसत नाही, तिचं काम अपुरं आहे. ती फोनवर म्हणाली, "म्हणजे आम्ही खणून रिकामं केलंय ते जपायचं, आणि ज्याच्या पोटात अजून काही आहे त्यावर डांबर ओतायचं?" ताई प्रत्येक गोष्टीला व्यक्तिगत वळण देते.

कलम नऊ: परिशिष्टातल्या जागेत अवजड यंत्र हलवायचं नाही. आत न्यायचं नाही, बाहेर काढायचं नाही, जागच्या जागीही फिरवायचं नाही. हे पुरातत्त्ववाल्यांसाठी.

कलम चौदा: परिशिष्टात नसलेल्या जागेवरून रस्ता खुशाल न्यावा. मात्र कायदा लागू झाल्यापासून नव्वद दिवसांत यंत्रं प्रत्यक्ष कामाला लागली पाहिजेत. नाही लागली तर आखलेला मार्ग रद्द, आणि पुरातत्त्व खात्याला सोबत घेऊन पहिल्यापासून नवी पाहणी. रस्तेवाल्यांना एक दिवसही थांबायचं नव्हतं, मडकीवाल्यांना दोन वर्षं हवी होती. मी नव्वद दिवस दिले आणि तेही उलट्या बाजूने: थांबायला नव्हे, सुरू करायला. याला म्हणतात समतोल.

आता फक्त परिशिष्टाचा तक्ता राहिला. आमच्या शाखेची जुनी पद्धत अशी, की तक्त्याची पहिली ओळ आपण एका काल्पनिक नोंदीने भरून द्यायची, म्हणजे बाकीच्या खात्यांना रकाने कसे भरायचे ते कळतं. समासात लाल शाईने 'नमुना' असं लिहायचं, आणि छापखान्यात पाठवण्याआधी ती ओळ खोडायची. मी लिहिलं: 'मनीची टेकडी. काळ: अनिश्चित. महत्त्व: अत्युच्च.' मनी आमची लहानपणची मांजर. ती मेली तेव्हा ताईने घरामागच्या उंचवट्यावर तिला पुरलं आणि वर्षभराने हाडं कशी दिसतात ते पाहायला पुन्हा उकरलं. परवानगी न घेता उकरू नकोस असं मी तेव्हाही सांगितलं होतं. गट क्रमांकाच्या रकान्यात काहीतरी हवं, म्हणून टेबलावर पडलेल्या एका पत्राच्या माथ्यावरून एक क्रमांक उचलला.

१२ मार्च

आजची नोंद दोनदा खोडून पुन्हा लिहितोय.

विधेयक मंजूर झालं. एकमताने. मी अधिकाऱ्यांच्या सज्जात बसलो होतो. मंत्री म्हणाले, "या कायद्याने आम्ही अठ्ठेचाळीस स्थळांना कवच दिलं आहे." मी मनात म्हटलं, सत्तेचाळीस. मंत्र्यांचे आकडे नेहमीच थोडे फुगलेले असतात. मग आभाराच्या भाषणाला एक पांढऱ्या केसांचे ज्येष्ठ सदस्य उठले. छापील प्रत हातात धरून म्हणाले, "यादीत पहिला मान मनीच्या टेकडीला मिळाला, याचा मला विशेष आनंद आहे. ही मनी कोण होती? राणी होती? साध्वी होती? काळ अनिश्चित आहे, पण तिचं महत्त्व अत्युच्च आहे! आमच्या पिढ्यांनी तिला विसरून घोर अन्याय केला." बाकं वाजली. विरोधी पक्षानेही वाजवली.

खोडायची राहिली. लाल शाईचा 'नमुना' समासात होता आणि छापखाना समासातलं काही छापत नाही. हे मला बावीस वर्षं माहीत आहे. नव्या लोकांना मीच शिकवतो.

१३ मार्च

सकाळी सचिवबाईंच्या दालनात जाऊन सगळं सांगितलं. शुद्धिपत्राचा मसुदा बरोबरच नेला होता. नियम साधा आहे: मसुदा लिहिणाऱ्याने 'ही नोंद नमुना होती' असं शंभर दिवसांत सही करून दिलं, की ती नोंद गळते. दुसऱ्या कुणाच्या सहीने गळत नाही.

बाईंनी कागद वाचलाही नाही. "मंत्री काल संध्याकाळी मनीवर मुलाखत देऊन आलेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही. नसलेल्या टेकडीने कुणाचं काय बिघडतंय?"

१५ मार्चपासून कायदा लागू. जेवण गेलं नाही.

२ एप्रिल

बिघडलं.

पुरातत्त्व खात्याचा माणूस कायद्यानुसार मनीच्या टेकडीवर फलक लावायला गेला. दिलेल्या गट क्रमांकावर टेकडी नव्हती. तिथे रस्ते खात्याचं यंत्रांचं आवार होतं. माझ्या टेबलावरचं ते पत्र मुख्य अभियंत्यांचं होतं, आणि माथ्यावर आवाराचा पत्ता छापलेला होता.

माणूस सरळमार्गी. त्याने फाटकावर फलक ठोकला आणि कलम नऊ वाचून दाखवलं. आत महामार्गाची सगळी यंत्रं उभी आहेत. एकोणीस. आत नाही, बाहेर नाही, जागच्या जागीही नाही. बाहेरून भाड्याने आणायची तर निविदा काढण्यातच चार महिने जातात. म्हणजे महामार्ग जागच्या जागी बसला.

कलम नऊ फारच पक्कं लिहिलं आहे, हे मात्र आज सिद्ध झालं.

४ एप्रिल

ताईचा फोन. राजपत्र तिच्या हातात पडलं.

आधी बराच वेळ नुसती हसत होती. "मनीची टेकडी! मास्तर, अरे, मनीची टेकडी! महत्त्व अत्युच्च! आणि तीही त्यांच्या रोलरांच्या बुडाखाली!" तिथल्या बायकांनाही तिने वाचून दाखवलं असावं, मागून हसण्याचे आवाज येत होते. मी कानावरचा फोन जरा लांब धरला.

मग म्हणाली, "तू असं काही करशील, असं मला जन्मात वाटलं नव्हतं."

"मलाही," मी म्हणालो.

"आता अजिबात तोंड उघडू नकोस. कुणी काही विचारू दे. सत्तर दिवस फक्त गप्प बस, कळलं?"

सख्खी बहीण. बावीस वर्षांत भावाची पहिली चूक झाली तर पोट धरून हसली. शेवटी शेवटी तर हसता हसता रडायलाच लागली, शब्द नीट फुटेनात. मला इतकं लागलं की मी 'ठेवतो' एवढंच म्हणालो.

२१ एप्रिल

ताई घरी आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. सोबत फोटोंचा गठ्ठा. दगडी रस्ता आता टेकाडाखाली आणखी वीस पावलं मोकळा झाला आहे, आणि त्याच्या कडेला एक छोटी खोली निघाली आहे. तिच्यात खडीचा ढीग आणि खडी ठोकायचा दगडी धुमस. रस्ता दुरुस्त करणाऱ्याची खोली, ताईच्या मते. "असं अजून कुठेच मिळालेलं नाही," ती म्हणाली. "मुदत टळली की नव्या पाहणीत रस्ता बाजूने न्यावाच लागेल त्यांना. रोज उठून दिवस मोजते मी."

मी म्हटलं, "तो योगायोग आहे. कायद्याचा तसा हेतू नव्हता."

"हो हो, योगायोग," ती म्हणाली आणि डोळा मारला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, गोवर आला होता तेव्हा ठेवायची तसा. माझी कीव करत असणार. निघताना बायकोला म्हणाली, "याला जप गं. त्याला झोप लागत नसेल सध्या."

ती गेल्यावर बायको म्हणाली, "ताईंना नेमकं काय वाटतंय, ते एकदा विचारा ना."

"तिला काय वाटतंय ते मला चांगलं माहीत आहे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. चुकीच्या उत्तराखाली बरोबरची खूण करणाऱ्या मुलाकडे पाहते तसं.

१० मे

मनीसाठी तज्ज्ञ समिती नेमली. पाच जण. पहिल्याच बैठकीत मनीचे तीन वेगवेगळे काळ सुचवले गेले आणि दोन सदस्यांचं बोलणं बंद झालं. शाळांच्या सहली आवारात येऊ लागल्या आहेत. मुलांना काही दिसत नाही, पण आवाराचा राखणदार मनीची गोष्ट रंगवून सांगतो म्हणे. त्याच्या गोष्टीत ती आता युद्धावर जाते. कोपऱ्यातल्या सर्वांत जुन्या रोलरला समितीने नोंद क्रमांक दिला आहे.

मला हे सहन होत नाही. कायदा माझा आहे.

२६ मे

मुख्य अभियंता आले. हेल्मेट मांडीवर. चहा घेतला, थंड होऊ दिला, प्यायले नाहीत.

"अठरा दिवस राहिलेत," ते म्हणाले. "मग मार्ग रद्द. मला लेखी विचारावं लागतं म्हणून विचारतो. ही पहिली नोंद खरी आहे ना?"

मी टेबलावरचे कागद सरळ केले.

"तुम्ही नुसतं 'हो' म्हणा, मी तसं लिहून घेतो आणि जातो. नव्या पाहणीला मी स्वतः बसेन. बाजूने वळवता येतो रस्ता. तीन किलोमीटर वाढतात, बाकी काही नाही." मग खाली बघत म्हणाले, "तो खड्डा डोळ्यांपुढून जात नाही हो. इतकं मन लावून कुणी खड्डा बुजवतं?"

मुख्य अभियंता! माझ्या बाजूला बसून मला खोटं बोलायला सुचवतोय. सरकारी यंत्रणा किती पोखरली आहे, हे आज जवळून पाहिलं. म्हटलं, "तुमच्या पत्राला मी लेखी उत्तर देईन."

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "घाई नाही. पुढच्या महिन्यात दिलंत तरी चालेल."

३० मे

कँटीनमध्ये मागून 'म्यांव' ऐकू आलं. ताट तसंच टाकून उठलो. वळून पाहिलं तर खरंच मांजर होतं. तरीही.

दुपारी नव्या उमेदवारांना मसुदालेखनाचा तास होता. एकीने विचारलं, "सर, तुमच्या एकाही कायद्यात कधीच चूक निघाली नाही, हे खरं का?" 'हो' म्हणणं खोटं आणि 'नाही' म्हणणं अशक्य. मी घड्याळ पाहिलं आणि तास लवकर सोडला.

५ जून

नीट विचार करून बाजू मांडतो.

नोंद राहिली तर ताईचं टेकाड वाचतं. हे मला दिसत नाही असं नाही. पण त्यातच तर खरी गोम आहे! उद्या कुणी म्हणालं, बहिणीच्या टेकाडासाठी याने कायद्यात मांजर घुसवलं, तर? बावीस वर्षं पाण्यात. माझ्यावर असा आरोप कुणी करू शकेल, ही कल्पनाच मला किळसवाणी वाटते. सचिवबाई गप्प बसा म्हणतात, अभियंता गप्प बसा म्हणतो, ताई तर पहिल्या दिवसापासून गप्प बस म्हणते. सगळ्यांना चूक सोयीची आहे. मग खरं बोलणारं कुणीतरी एक नको का?

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्ही बरोबर आहात." मला बरं वाटलं. मग म्हणाली, "तुम्ही नेहमीच बरोबर असता, आणि त्याचाच कधीकधी फार वैताग येतो. सही करायच्या आधी एकदा ताईंकडे जाऊन या. हात जोडते."

गेलो नाही. कामाच्या बाबतीत नातेवाइकांशी चर्चा करणं योग्य नाही.

७ जून

सही केली. शुद्धिपत्र चार ओळींचं आहे आणि, मोठेपणा नाही, फार देखणं उतरलं आहे. 'परिशिष्टातील अनुक्रमांक एक ही केवळ नमुन्यादाखल केलेली नोंद असून ती मुद्रणात अनवधानाने राहिली. ती वगळण्यात येत आहे.' 'अनवधानाने' या शब्दापाशी हात अडखळला. पण लिहिलं. कित्येक दिवसांनी जेवण गेलं.

९ जून

सकाळी आठ वाजता आवाराचं फाटक उघडलं. एकोणीसपैकी अठरा यंत्रं टेकाडाकडे गेली. नव्याने मोकळ्या झालेल्या त्या वीस पावलांपासूनच सुरुवात केली म्हणे. जुन्या रोलरचा नोंद क्रमांक कुणीच काढला नाही, त्यामुळे तो तिथेच उभा आहे.

अभियंत्यांनी रजा टाकली आहे.

१३ जून

नव्वदावा दिवस. मंत्र्यांनी पत्रकारांसमोर माझं कौतुक केलं. चूक झाकण्याच्या या काळात चूक मान्य करणारा अधिकारी म्हणून. मनीची समिती बरखास्त न करता तिला 'इतर काल्पनिक स्थळं' हा विषय दिला आहे. मला प्रशस्तिपत्र मिळालं. चौकटीसकट.

ताईचा फोन नाही. मीही केला नाही. उद्या करतो.

१६ जून

आज गेलो. टेकाडाजवळ तिने भाड्याने घेतलेली एक खोली आहे, तिथे. जाताना रस्त्याने टेकाड लागत नाही आता. रस्ताच लागतो.

ताई जमिनीवर बसून पत्र्याच्या पेट्या भरत होती. यंत्रं येण्याआधी घाईघाईने जे हाताला लागलं तेवढं. खडीचा एक पुडा, धुमसाचा तुटलेला दांडा, मातीचे तुकडे. बायका निघून गेल्या होत्या. मला वाटलं होतं, ती ओरडेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो, मुद्दे क्रमाने मनात मांडून. प्रशस्तिपत्राची प्रतही खिशात होती, का कोण जाणे.

ती उठली आणि माझे दोन्ही दंड धरले. "तुझ्या नोकरीवर आलं का रे? खरं सांग. मी आठवडाभर फोन केला नाही, म्हटलं तुझ्यावर लक्ष ठेवलं असेल. कुणी पकडलं तुला? बाईंनी?"

"मला? कुणी नाही पकडलं."

"मग त्यांनी दबाव आणला. सही करायला लावली."

"नाही गं. कुणीच काही म्हणालं नाही. उलट सगळे गप्प बसा म्हणत होते. माझी मीच केली."

तिने दंड सोडले नाहीत. तिला हिशेब लागत नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "अरे, पण मग आधी मनी कशाला घातलीस त्यात?" ती म्हणाली. "नेमका त्यांच्या आवाराचा क्रमांक टाकून? मला वाटलं... तू मुद्दाम केलंस. माझ्यासाठी. मी सगळ्यांना सांगितलं होतं, माझा भाऊ आयुष्यभर नियमाने वागला आणि बहिणीसाठी एकदा, एकदाच..."

त्या क्षणी मी 'हो' म्हणू शकलो असतो. हो ताई, मुद्दामच केलं होतं, मग घाबरलो. एवढं एक खोटं तिच्याकडे राहिलं असतं. आत्ता लिहिताना हे इतकं स्वच्छ दिसतंय. पण समोर कुणी चुकीचं बोललं की मला राहवत नाही.

"नाही," मी म्हणालो. "ती चूकच होती. ओळ खोडायची राहिली."

ताईने हात काढून घेतले. फोनवरचं ते हसणं आणि रडणं, डोळा मारणं, डोक्यावरचा हात, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मला तिच्यासमोर रडायचं होतं. तिला सांगायचं होतं, की मी असा का आहे हे मलाही कळत नाही. मी खिशातल्या प्रशस्तिपत्राची घडी चाचपत उभा राहिलो.

ती पुन्हा खाली बसली. कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि पेन माझ्याकडे सरकवलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"बस. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, थर आणि तारीख. बिनचूक लिहायला तुला येतं."

संध्याकाळपर्यंत तिच्या शेजारी बसून मी एकशे बारा चिठ्ठ्या लिहिल्या. मी निघायच्या वेळी तिने त्या सगळ्या एकेक करून तपासल्या. एकही चूक निघाली नाही.